फेरूलवरचा नंबर सरकतो, लेबलची लांबी चुकते: सेटिंगला हात लावण्याआधी अकरा तुकडे छापा

रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅनेल शॉपमध्ये, म्हणजे विजेची पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात, ड्रॉइंग आणि लेबलिंग माझ्याकडे आहे. "ताई, नंबर परत सरकला" ही हाक आठवड्यातून एकदा तरी येतेच, पावसाळ्यात जरा जास्त. मशीन बदललं, ऑपरेटर बदलले, तक्रार तीच. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. आमच्याकडे तीन यंत्रं आहेत: फेरूल छापायचा ट्यूब प्रिंटर, साइटवर न्यायचं हातातलं टेपचं मशीन आणि कॉम्प्युटरला जोडलेला रोल-लेबलचा प्रिंटर. तिघांचा स्वभाव वेगळा, पण दुखणी बरीचशी एकच.

फेरूल म्हणजे इथे वायरवर चढवायची नंबरची पीव्हीसी नळी. वायरच्या टोकावर दाबून बसवायच्या (क्रिंप करायच्या) पिनेलाही काही जण फेरूलच म्हणतात, तिचा इथे संबंध नाही.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी बघा. दोन लक्षणं एकदम असतील तर दोन्ही लिहून ठेवा, पुढे कामाला येतं.

– सगळ्या तुकड्यांवर नंबर सारखाच डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला. लांबी बरोबर.
– २० मिमी मागितली, प्रत्येक तुकडा १९.५ किंवा २०.५ येतो.
– एक तुकडा नीट, दुसऱ्याचा शेवटचा आकडा कापलेला, तिसरा परत नीट. काही ताळतंत्र नाही.
– रोल-लेबलवर पहिलं लेबल छान, पाचवं थोडं खाली, दहाव्यावरचा मजकूर अर्धा पुढच्या लेबलवर.
– सगळंच आकाराने लहान, साधारण दोन-तृतीयांश. किंवा उलट, दीडपट मोठं.
– अक्षरांचं डोकं किंवा पाय कापलेले.
– एकाच फाइलमधले काही नंबर मधोमध, काही डावीकडे.
– झेंड्यासारखं लेबल केबलला लावून दुमडलं की कडा जुळतात, पण नंबर केबलच्या वळणावर जातो.
– गुंडाळायच्या लेबलवर नंबर पांढऱ्या भागाऐवजी पारदर्शक शेपटीवर छापला जातो.

आधी अकरा तुकडे

फुकटात होणारी ही पहिली तपासणी आहे, आणि लोक नेमकी हीच सोडून मेनूत शिरतात.

ट्यूब प्रिंटरवर २० मिमी लांबीचे अकरा तुकडे हाफ कटवर छापा. हाफ कट म्हणजे नळी पूर्ण न कापता अर्धवटच चिरणं, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून एकच पट्टी राहते. मजकूर म्हणून इंग्रजी 888 टाका, 8 दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे मधोमध आहे की नाही ते डोळ्याला लगेच कळतं. पहिला तुकडा धरू नका, कारण सुरुवातीला मशीन थोडी कोरी नळी सोडतं. उरलेले दहा स्टीलच्या पट्टीला लावून एकत्र मोजा. २०० मिमी यायला हवेत. एकेक तुकडा मोजून काही कळत नाही. २० मिमीत पाव मिमीचा फरक पट्टीवर दिसतच नाही, दहा तुकड्यांत तो अडीच मिमी होतो आणि लपत नाही.

मग दुसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या तुकड्यावर नंबरच्या डावीकडची मोकळी जागा बघा. निकाल तीनच प्रकारचे लागतात.

एकूण लांबी २००, मोकळी जागा सगळीकडे सारखीच चुकीची: हा जागेचा दोष. छपाईची जागा, मार्जिन किंवा फाइल यातलं काहीतरी.

एकूण लांबी १९६ किंवा २०४, पण प्रत्येक तुकडा एकसारखा: हा लांबीचा दोष. यात नंबरही थोडा सरकलेला दिसेल, पण त्याच्या मागे लागू नका. छापणारं हेड आणि कापणारी पाती यांच्यात अंतर असतं. मशीनला वाटतं नळी इतके मिमी पुढे गेली, प्रत्यक्षात ती कमी किंवा जास्त गेलेली असते, म्हणून काप चुकीच्या ठिकाणी बसतो. लांबी सुधारली की नंबर बऱ्याचदा आपोआप जागेवर येतो. उलटं केलंत, म्हणजे आधी नंबर सरकवलात आणि मग लांबी बदललीत, तर नंबर परत सरकणार. "काल नीट केलं होतं, आज पुन्हा तेच" या तक्रारीचं निम्मं मूळ इथे आहे.

प्रत्येक तुकडा वेगळा: सेटिंगला अजिबात हात लावू नका. जे स्वतःच डळमळतंय त्याला आकड्याने सरळ करता येत नाही. कुठेतरी नळी अडतेय, घसरतेय किंवा कोणीतरी ओढतंय.

रोल-लेबलचा चौथा प्रकार आहे, त्याचं खाली वेगळं लिहिते.

तपासणी १: नळी कुठून येते ते बघा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पंप हाउसचं पॅनेल, दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाचं इन्स्पेक्शन, चारशेच्या वर फेरूल बाकी. संध्याकाळी सात वाजता मी निघायच्या तयारीत होते तेव्हा ऑपरेटर मुलगा रडकुंडीला आलेला. दोन तास तो छपाईची जागा अर्धा मिमी पुढे, अर्धा मिमी मागे करत बसला होता. टेबलावर कापलेल्या नळ्यांचा ढीग. मी अकरा तुकडे छापले: २०, १९, २०, १८.५, २०... एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

मग खाली वाकून बघितलं. नळीचं रीळ टेबलाखाली, त्याच्याच खोक्यात. नळी खोक्याच्या फटीतून वर येऊन टेबलाच्या पत्र्याच्या कडेवरून मशीनमध्ये जात होती. दर थोड्या वेळाने खोक्याचा पुठ्ठा तिला चिमटा घ्यायचा, रोलर तेवढाच घसरायचा, आणि तो तुकडा आखूड. रीळ बाहेर काढून पडद्याच्या जुन्या रॉडवर टांगलं, मशीनच्याच उंचीवर. पुढचे दहा तुकडे २०० मिमी. आमचे जुने वायरमन काका मागून म्हणाले, "सुईला नाव ठेवत होतात, दोरा गुंतलेला!" त्या दोन तासांत सरकवलेली सगळी सेटिंग परत शून्यावर आणायला मात्र अर्धा तास गेला.

तर हे बघा: रीळ मोकळं फिरतंय का. नळी मशीनपर्यंत सैल येतेय का, मध्ये कड, पीळ किंवा गाठ आहे का. पीव्हीसी नळी मऊ असते, ताणली की लांबते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर जास्तच. ताणून छापलेली नळी बाहेर पडून आखडली की तुकडा लहान होतो, अक्षरंही दाटतात.

टेपच्या मशीनवर याचाच भाऊ म्हणजे सैल टेप. कॅसेट बसवण्याआधी टेपचं टोक वाटेतून सरळ बाहेर आलंय का आणि आतली रिबन ढिली पडलेली नाही ना, ते बघा. बऱ्याच कॅसेटवर बाण असतो, त्या दिशेने चाक फिरवून ढिलाई काढायची. झाकण "टक" आवाज येईपर्यंत दाबा. झाकण अर्धवट लागलं की हेड रोलरवर नीट टेकत नाही, मग टेप घसरते आणि छपाईही फिकी येते.

आणि टेप बाहेर येताना हाताने ओढायची नाही. ही सवय निम्म्या लोकांना आहे, मलाही होती. मशीन कापेपर्यंत थांबा.

तपासणी २: मशीनचं स्वतःचं सेटिंग

यालाही पैसे लागत नाहीत, फक्त मेनूत शिरण्याआधी एक काम करा. आत्ता जे आकडे आहेत ते कागदावर लिहा किंवा मोबाइलवर फोटो काढा. परत येण्याची वाट हवी.

माध्यमाचा प्रकार आणि माप. मशीनमध्ये बसवलेली नळी आणि मेनूत निवडलेली नळी एकाच मापाची हवी. टेप असेल तर रुंदी तीच हवी. मशीन याच मापावरून अक्षरांची उंची आणि मध्य ठरवतं. मोठी नळी निवडून बारीक नळी बसवली तर नंबर नळीच्या कडेवरून खाली ओघळल्यासारखा छापतो. टेपच्या मशीनमध्ये कॅसेटवरच्या खाचा बघून रुंदी आपोआप ओळखली जाते. दुसऱ्या कंपनीची स्वस्त कॅसेट टाकल्यावर अक्षरं वरखाली व्हायला लागली, तर मूळ कॅसेट टाकून एकदा बघा. गुन्हेगार दोन मिनिटांत सापडतो.

लांबी आपोआप की ठरावीक. लांबी "ऑटो"वर असेल तर मजकुराप्रमाणे लेबल लहान-मोठं होतं. तीन आकड्यांचं फेरूल छोटं, सहा आकड्यांचं मोठं. पॅनेलमध्ये टर्मिनलच्या रांगेत हे फार वाईट दिसतं. ठरावीक लांबी द्या आणि मजकूर मधोमध ठेवा. पण मग सगळ्यात लांब नंबर त्या लांबीत मावतो का ते आधी बघा. मावला नाही तर काही मशीन अक्षरं दाबून बसवतात, काही सरळ कापतात.

मार्जिन. टेपच्या बऱ्याच मशीनमध्ये हेड आणि कटर यांच्यात साधारण अडीच सेंटीमीटर अंतर असतं. म्हणून पहिल्या लेबलच्या पुढे कोरी टेप येते. हा दोष नाही, रचना आहे. मार्जिन कमी केलं की मशीन ती कोरी पट्टी वेगळी कापून टाकतं किंवा हाताने कापायला दोन ठिपके छापतं. टेप वाचवायची असेल तर एकेक लेबल छापू नका, साखळीने सलग छापा.

एकक. मिमी आहे की इंच? हसू नका. एका साइटवर मशीनची भाषा बदलताना एककही इंचावर गेलं होतं आणि १ टाकल्यावर २५.४ मिमीचं लेबल येत होतं. ऑपरेटर त्यात दिवसभर "मशीन बिघडलंय" म्हणत होता.

सहा आणि नऊ. लांबीशी याचा संबंध नाही, पण मेनूत आहात तर हेही करून घ्या. इंग्रजी सहा उलटा केला की नऊ होतो, अडुसष्ट उलटा केला की एकोणनव्वद. फेरूल तर वायरवर गोल फिरतं, उलटंही चढतं. बऱ्याच ट्यूब प्रिंटरमध्ये ६ आणि ९ खाली रेघ मारायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. आमच्याकडे आडव्या वायरवर नंबर डावीकडून उजवीकडे आणि उभ्या वायरवर खालून वर वाचला जाईल असाच चढवतात.

तपासणी ३: एक्सेल शीट

काही नंबर मधोमध आणि काही डावीकडे असं दिसलं की मी मशीनकडे बघतच नाही. शीट उघडते.

गिऱ्हाइकाकडून आलेल्या केबल शेड्यूलमध्ये, म्हणजे केबलच्या यादीत, नंबरच्या शेवटी मोकळ्या जागा असतात. कोणीतरी टाइप करताना स्पेसबार दाबला, कुठल्या तरी सॉफ्टवेअरमधून माल तसाच आला. डोळ्याला काहीच दिसत नाही. पण मधोमध बसवणारं मशीन त्या मोकळ्या जागाही मजकुरात मोजतं. शेवटी चार स्पेस असतील तर नंबर तेवढा डावीकडे ढकलला जातो. मशीनने आपलं काम चोख केलेलं असतं.

ओळखायची युक्ती: शेजारच्या रकान्यात नंबरची अक्षरसंख्या मोजायचं एक्सेलचं सूत्र टाका. दिसतात सहा अक्षरं आणि येतात दहा, म्हणजे चोर सापडला. ट्रिम सूत्राने पुढचे-मागचे साधे स्पेस जातात. वेबपेजवरून किंवा पीडीएफवरून चिकटवलेला मजकूर असेल तर त्यात न तुटणारा स्पेस असतो, तो ट्रिमने जात नाही. तो कॉपी करून "शोधा आणि बदला"त चिकटवायचा आणि बदलून टाकायचा, समोरची जागा कोरी ठेवून.

याच शीटमध्ये आणखी दोन खोड्या. ऑल्ट-एंटर मारून सेलमध्ये दुसरी ओळ पाडलेली असते, ती रिकामी का असेना, मशीन तिच्यासाठी जागा सोडतं आणि नंबर वर चढतो. आणि ००१ चा १ होतो, कारण एक्सेलला तो आकडा वाटतो. रकाना आधी "टेक्स्ट" करून मग भरा.

तपासणी ४: कॉम्प्युटर आणि ड्रायव्हर

रोल-लेबल प्रिंटरला हे लागू. तीन ठिकाणी एकच माप असलं पाहिजे: लेबल सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेटमध्ये, ड्रायव्हरच्या (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पेज साइझमध्ये आणि खऱ्या रोलवर. तीनपैकी दोन जुळले आणि एक नाही, तरी मजकूर सरकतो. पीडीएफवरून छापत असाल तर "फिट टू पेज" बंद करून खऱ्या आकारात छापा, नाहीतर ५० मिमी चे ४७ होतील आणि बारकोड असेल तर स्कॅनरही रुसेल.

सगळं अचूक दोन-तृतीयांश झालंय? मग हेडची घनता, म्हणजे डीपीआय (एका इंचातले ठिपके), तपासा. २०३ डीपीआयचं हेड एका मिमीत ८ ठिपके मारतं, ३०० चं साधारण १२. २०३ साठी ठिपक्यांत बनवलेलं टेम्प्लेट ३०० च्या प्रिंटरवर पाठवलं की ३० मिमीचं लेबल २० मिमीत आकसतं. उलटं पाठवलं की दीडपट फुगतं. जुना प्रिंटर गेला आणि नवा आला, त्या आठवड्यात हा दोष हमखास.

ड्रायव्हरमध्ये डावी-उजवी सरक ठिपक्यांत द्यायची असेल तर हाच हिशेब: २०३ वर १ मिमी म्हणजे ८, ३०० वर १२. कोणी ५० टाकून बसतो आणि मजकूर लेबलबाहेर जातो.

आता तो चौथा प्रकार. दर लेबलला थोडं थोडं सरकत जाणं. २५ मिमीचं लेबल आणि मध्ये ३ मिमी फट, म्हणजे दर लेबलला रोल २८ मिमी पुढे जायला हवा. प्रिंटर फट बघतच नसेल, म्हणजे माध्यम "सलग" निवडलेलं असेल आणि माप २७ असेल, तर दर लेबलला १ मिमी चुकतं. दहाव्यापर्यंत ९ मिमी. इथे पोझिशन सरकवून उपयोग नाही, तो सरक वाढतच राहणार. माध्यम "फट असलेलं" किंवा मागे काळी रेघ असेल तर "काळी खूण" निवडा, रोल बसवून सेन्सरचं कॅलिब्रेशन चालवा. प्रिंटर दोन-चार लेबलं कोरी सोडेल, त्याने घाबरू नका, तो फट शोधतोय. रोल बदलला, विशेषतः कंपनी बदलली, की कॅलिब्रेशन परत. सेन्सर सरकवता येणारा असेल तर तो लेबलच्या रेषेत आहे का तेही बघा.

पावसाळ्यात उघडा राहिलेला कागदी रोल दमट हवेने कडेने वळतो आणि सेन्सरपासून उचलला जातो. रोल वापरून झाला की पिशवीत ठेवा, त्यात सिलिका जेलची पुडी टाका.

तपासणी ५: लांबी तुम्ही बरोबर काढलीय का?

मशीन ठीक असतं, आपला हिशेब चुकतो. झेंड्याच्या आणि गुंडाळायच्या लेबलवर हे नेहमीच होतं, म्हणून इथे जरा थांबते.

कॅट-६ ची साधी नेटवर्क केबल धरा, बाहेरचा व्यास साधारण ६ मिमी. तिचा घेर ३.१४ गुणिले ६, म्हणजे सुमारे १९ मिमी. झेंड्याची एक बाजू २५ मिमी हवी असेल तर लांबी २५ + १९ + २५, म्हणजे ६९, आपण ७० धरू. नंबर दोन्ही बाजूंना छापायचा आणि मधली १९-२० मिमी जागा कोरी ठेवायची. ती कोरी जागा केबलला मिठी मारते. लोक ५० मिमीचं लेबल घेऊन दोन्ही अर्ध्यांत नंबर मधोमध छापतात. मग दुमडताना घेर आपला वाटा घेतो आणि नंबर केबलच्या वळणावर चढतो. कॅट-६ए जाड असते, व्यास साडेसात धरला तर घेर साडेतेवीस. एकाच टेम्प्लेटवर दोन्ही केबल छापल्या तर एक चुकणारच.

काही मशीनमध्ये झेंड्याचं तयार टेम्प्लेट असतं, ते केबलचा व्यास विचारतं. आपण घेर काढून बसलेलो असतो, तोच तिथे टाकतो. १९ व्यास समजून मशीन घेर ६० धरतं आणि लेबल ११० मिमीचं येतं. टेप अचानक भराभर संपायला लागली तर हे एकदा बघा.

पारदर्शक शेपटी असलेल्या, स्वतःवरच गुंडाळल्या जाणाऱ्या लेबलचा नियम वेगळा. पांढऱ्या भागावर छापायचं, पारदर्शक शेपटीने तो पूर्ण झाकायचा. ६ मिमीच्या केबलला १९ मिमीचा पांढरा भाग, तर शेपटी किमान एक घेर आणि थोडी जास्त, म्हणजे एकूण ४५ मिमीच्या आसपास. टेम्प्लेटमध्ये मजकूर संपूर्ण लेबलच्या मध्यावर ठेवला तर तो शेपटीवर जातो. मध्य पांढऱ्या भागाचा धरायचा. नंबर दोन-तीन ओळींत परत परत छापला तर केबल कशीही फिरली तरी वाचता येतो.

लेबल लावायची जागाही ठरलेली असावी. टीआयए-६०६ या नेटवर्क केबलच्या लेबलिंगच्या मानकात केबलच्या दोन्ही टोकांना, जॅकेट (बाहेरचं आवरण) संपतं तिथून ३०० मिमीच्या आत लेबल लावायला सांगितलंय. ऐरोलीच्या एका सर्व्हर रूममध्ये झेंडे एवढे लांब काढले होते की शेजारच्या पोर्टचे दिवे झाकले गेले. लांबी कमी करून सगळे परत छापावे लागले.

श्रिंक नळीबद्दल एवढंच: २:१ ची नळी तापवल्यावर व्यासाने निम्मी होते, तिच्याबरोबर अक्षरांची उंचीही आक्रसते. नंबर मधोमध आणि उंचीला थोडा मोठा छापा. कडेला छापलेला नंबर आक्रसल्यावर वळणावर जातो.

मराठी लेबल

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या मीटर रूमसाठी मराठीत लेबलं हवी होती. "लिफ्ट", "पाणी पंप", "जिना दिवे". वेलांट्या आणि मात्रा वरून उडाल्या. देवनागरीला ओळीच्या वर मात्रा आणि खाली उकार लागतो, रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठरलेल्या चौकटीत तो मावत नाही. अक्षर एक आकार लहान करा, ऑटो आकार बंद ठेवा. टेप शक्य असेल तर एक माप रुंद घ्या. आणि "पूर्ण" असा वर रफार आणि खाली पाय असलेला शब्द छापून आधी बघा.

तपासणी ६: सफाई

इथपर्यंत येऊन तुकडे अजून वेगवेगळे येत असतील तर रोलर घसरतोय.

मशीन बंद करा, प्लग काढा, दहा मिनिटं थांबा. छापणारं हेड तापलेलं असतं आणि पाती धारदार असते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. रबरी रोलर फिरवत फिरवत पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. हेडवर एकाच दिशेने हलकेच काडी फिरवा. वाळू द्या. मग सेन्सरच्या फटीतली धूळ फुंकणीने उडवा.

थिनर, पेट्रोल नको, रबर फुगतं. हँड सॅनिटायझरही नको. त्यात ग्लिसरीन असतं, ते हेडवर पातळ थर सोडतं. रोलरवरचा डिंक ब्लेडने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचा तर अजिबात नाही. रबरावर खाच पडली की ती दर फेरीला त्याच अंतरावर छपाईत उमटते. पातीवर डिंक जमला की हाफ कट अर्धवट लागतो, तुकडा सुटताना ओढला जातो आणि पुढचा आखूड येतो. पाती काडीनेच पुसा, बोटाने नाही.

हातातल्या मशीनचे सेल उतरले असतील तर तेही आत्ताच बदला. उतरलेल्या सेलवर मशीन छापता छापता थांबतं.

तपासणी ७: आता सेटिंग

तुकडे एकसारखे यायला लागले, पण २०० ऐवजी १९६ भरले. आता लांबीची दुरुस्ती. २०० भागिले १९६ म्हणजे १.०२, मेनूत अधिक २ टक्के. परत अकरा छापा. २०० झाले की मगच छपाईची जागा बघा: डावीकडे ४ मिमी मोकळं आणि उजवीकडे ५, तर फरकाच्या निम्मं, म्हणजे अर्धा मिमी उजवीकडे. पूर्ण १ मिमी दिलंत तर तो दुसऱ्या बाजूला जाईल. ही चूक मी स्वतः बराच काळ केली आहे.

नळीचं माप किंवा कंपनी बदलली की आकडे बदलतात. आमच्या मशीनच्या झाकणावर आतून टेप चिकटवली आहे, त्यावर प्रत्येक नळीसाठी लांबीचा आणि जागेचा आकडा मार्करने लिहिलेला आहे. नवा ऑपरेटर आला की पहिल्या दिवशी तेच वाचतो.

कुठे थांबायचं

दुरुस्तीचा आकडा महिन्यागणिक वाढत चालला असेल, २ चे ३, ३ चे ५ टक्के, तर रोलर झिजलाय. सफाई करून भागणार नाही, रोलर बदलायला हवा आणि तो सर्व्हिसवाल्याने. छपाईत लांबीच्या दिशेने पांढरी रेघ येते आणि दोनदा पुसूनही त्याच जागी राहते, तर हेडमधले ठिपके मेलेत. हेड बदलावं लागतं. गिअरचा करकर आवाज, कटर अर्ध्यात अडकणं, अॅडॉप्टर हात लावता येणार नाही इतका तापणं, जळका वास: लगेच प्लग काढा, उघडायच्या भानगडीत पडू नका. वॉरंटीचं सील असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन.

आणि चालू पॅनेलमध्ये चुकीचं फेरूल दिसलं म्हणून टर्मिनलची वायर ढिली करून बदलायला जाऊ नका. शटडाउन, परमिट आणि लायसन्सवाला वायरमन, याशिवाय नाही. नंबर एक दिवस चुकीचा राहिला तर चालतो. तोपर्यंत वर टेपचं तात्पुरतं लेबलही लावायला हात आत घालू नका, पॅनेलच्या दाराबाहेर चिठ्ठी चिकटवा.

सर्व्हिसवाला येईपर्यंत अकरा तुकड्यांची ती पट्टी न तोडता जपून ठेवा. शेजारी वापरलेल्या नळीचा हातभर तुकडा आणि सेटिंगचा मूळ फोटो. आमच्याकडे येणारा मुलगा आधी पट्टी टेबलावर सरळ करतो, मोजतो, मग कुठला स्क्रू ड्रायव्हर काढायचा ते ठरवतो.